कळ्यांच्या वेळचा जादा वर्ग

शाळेत मागं पडलेल्या चौदा मुलांसाठी मी सकाळी साडेसहाला मोफत जादा वर्ग सुरू केला, आणि त्यांतली बारा मुलं त्या वेळी वाड्यांमध्ये फुलं तोडत असतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांतली चार तर माझ्या सख्ख्या भावाच्या वाडीत, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर तोडत होती.

एवढं वाचून कुणी अंक मिटला तरी माझी हरकत नाही. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीचं सार यात आलं. पण नाताळ अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'शैक्षणिक कार्याचा आढावा' मागितला आहे. आढावा म्हटलं की मला तपासणीला आलेले साहेब आठवतात. म्हणून आढावा राहू दे, एक फजिती सांगतो. माझ्याकडे फजित्यांचा साठा मोठा आहे, आणि तो कुणी तपासायलाही येत नाही.

आमचं गाव विरारजवळ, नंदाखालच्या अंगाला. केळी, नारळ, पानवेल आणि फुलं. घराच्या मागं वाडी, वाडीच्या मागं आदिवासी पाडा. हिवाळ्यात जाईसारखा पांढरा कागडा, उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात सोनचाफा. ही फुलं उजाडायच्या सुमारास तोडावी लागतात, कारण बाजार कळीला भाव देतो. कळी उमलली की ती देवाला चालते, व्यापाऱ्याला चालत नाही. माझ्या बी.एड.ची फी चाफ्याने भरली. पण चाफा तोडतं कोण, हा प्रश्न मला पडला नाही. घरात धाकटा आणि पुस्तकातला म्हणून वाडीच्या कामातून मला लहानपणीच सूट मिळाली होती. मी उठायचो तेव्हा फुलांच्या टोपल्या स्टेशनावर पोचलेल्या असायच्या. मला वाटायचं, फुलं आपोआप टोपलीत पडतात.

हे सांगतोय त्या काळात मी आमच्या अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं की पैसे आले की शाळा सुधारते. तसं नसतं. पुस्तकं सरकार देतं, खिचडी सरकार देतं, गणवेशाचंही काही ना काही होतं. ते सगळ्यांसाठी असतं. पण वर्गात पाच-सात मुलं अशी असतात की त्यांचं गाडं तिसरीतच कुठंतरी रुतलेलं असतं आणि ती नुसती वरच्या वर्गात ढकलली जातात. त्यांच्यासाठी वेगळा पैसा लागतो, आणि तो वेगळ्याच गोष्टीवर खर्च करावा लागतो. कुणीतरी त्या मुलाशेजारी रोज तासभर बसलं पाहिजे, त्याच्या घरी जाऊन आलं पाहिजे, त्याचं नेमकं काय अडलंय ते शोधलं पाहिजे. आधी विचारायचं, मग खर्च करायचा. आम्ही मुख्याध्यापक मंडळी आधी खर्च करतो आणि मग फोटो काढतो.

मागं एकदा एका माजी विद्यार्थ्याने पाचवीच्या गरजू मुलांसाठी देणगी पाठवली होती. मी शब्दकोश घेतले. जाडजूड, कापडी बांधणीचे. वाटपाचा फोटो अजून कार्यालयात आहे. पुढच्या महिन्यात कळलं की त्यांतल्या निम्म्या मुलांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत. शब्दकोशाचा खरा उपयोग एकाच मुलाने केला. त्याच्या घराचं दार वाऱ्याने आपटायचं, ते थांबलं.

अशा माझ्याकडे रेमेत मावशी पैसे घेऊन आल्या. हा त्यांचा भोळेपणा म्हणायचा की माझं नशीब, ते पुढं ठरवा. रेमेत मावशी आमच्याच गावच्या. आखातात नर्स म्हणून आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, म्हातारपणी परत येऊन आईबापांच्या घरात एकट्या राहू लागल्या. मला त्यांनी चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नसे. कार्यालयात आल्या, चेक टेबलावर ठेवला आणि त्यावर हात तसाच ठेवून म्हणाल्या,

"इनास, तीन गोष्टी. माझं नाव भिंतीवर लावायचं नाही, मी अजून मेले नाही. पंखे घ्यायचे नाहीत. आणि जो मागं पडलाय त्याच्यावर खर्च करायचा, पुढं असणाऱ्याच्या बक्षिसावर नाही."

"मावशी, हुशार मुलांनाही थोडं उत्तेजन..."

"त्यांना त्यांच्या आया देतात. तू मागच्यांचं बघ."

मग त्यांनी हात उचलला.

मी लगेच शिक्षकांची बैठक घेतली. चौदा मुलांची यादी झाली. वेळ मी ठरवली. पहाटेचा अभ्यास डोक्यात पक्का बसतो, असं मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो. स्वतः कधी केला नाही, पण सांगत आलो होतो. आमची शाळा अकराला भरते. साडेसहाला जादा वर्ग, वर एक पेला दूध आणि दोन वेलची केळी. मला तर ही योजना इतकी आवडली की ती मी बैठकीत दोनदा सांगितली.

प्रणाली टीचर तेव्हा नवीन होत्या. विरारला चंदनसारमध्ये राहायच्या, तिथून स्कूटरने यायच्या. त्यांनी हात वर केला. "सर, आधी एकदा सगळ्यांच्या घरी जाऊन येऊ या ना. मतलब, ही मुलं रोज लेट का येतात, सकाळी काय करतात, ते तरी कळेल."

मी हसलो. ज्येष्ठ माणसाने कनिष्ठाला समजून घेताना हसावं तसा. "टीचर, तुम्ही चंदनसारच्या. चौथ्या मजल्यावर राहता. मी या मातीतला माणूस आहे."

'माती' म्हणताना मी टेबलावर थाप मारली होती असं त्या अजून सांगतात. मला ते आठवत नाही, पण मी मारली असणार.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी अठ्ठावीस केळी, चौदा पेले दूध, दोन शिक्षक आणि दोन मुलं. दोघं रिक्षावाल्याची जुळी, त्यांचा बाप त्यांना जाता जाता फाटकात सोडून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जुळ्यांपैकी एक आला, दुसऱ्याला दूध बाधलं होतं. उरलेली केळी मी आणि प्रणाली टीचरांनी खाल्ली. आठवडाभर मी इतकी केळी खाल्ली की आजही लग्नात कुणी केळ्यांचं शिकरण वाढलं तर मी पानाला नमस्कार करून पुढं सरकतो.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी कडक झालो. पालकांना चिठ्ठी काढली. 'जादा वर्गास गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना नियमित वर्गात बसता येणार नाही, याची नोंद घ्यावी.' खाली सही, त्यावर शिक्का. खरं तर मी कुणाला बाहेर काढणार नव्हतो. ती नुसती धमकी होती. मुख्याध्यापकाच्या धमकीत एक सोय असते, ती धमकी आहे हे पालकांना कळतं. ते येतात, हात जोडतात, आपण गंभीर चेहरा करतो आणि सोडून देतो. अकरा पालकांच्या बाबतीत नेमकं असंच झालं. पण पाड्यावरच्या चांगुणाला आयुष्यात कुणी धमकी दिली नव्हती. तिला फक्त हुकूम मिळाले होते. तिने तो कागद हुकूम समजून पाळला. दुसऱ्या दिवसापासून तिची जयवंती शाळेत यायची बंद झाली.

जयवंती सातवीत होती. पाड्यावरची वारली मुलगी, काळीसावळी, हाडाची, कमी बोलणारी. रोज अकरानंतर दहा मिनिटांनी यायची, केस ओले, पाय धुतलेले. चौथ्या तासाला शेवटच्या बाकावर डोकं टेकून झोपायची. वाचनात तिसरीच्या पोरांएवढी. पण त्या वर्षी जूनपासून तिचा एकही दिवस बुडलेला नव्हता. उशिरा यायची, पण यायची. ते पैसे खरं तर तिच्यासारखीलाच शाळेत धरून ठेवायला आले होते, आणि मी त्यांतून कागद विकत घेऊन, त्यावर शिक्का मारून तिलाच शाळेबाहेर काढलं होतं. हजेरीपटावर तिच्या नावापुढं 'गै' पडत गेला. एक आठवडा, मग दुसरा. पाड्यावरची सातवीतली मुलगी महिनाभर घरी राहिली की ती परत येत नाही. हे मला माहीत होतं. एवढं एक तरी माहीत होतं.

तरीही मी काय केलं? उद्घाटन ठेवलं. वर्ग तीन आठवडे चालू होता, नव्हे चालू नव्हता, पण फीत कापायची राहिली होती. रेमेत मावशींना बोलावलं. त्यांच्यासाठी हार पेद्रूच्या वाडीतून मागवला. पेद्रू माझा थोरला भाऊ, वाडी तोच बघतो. कागड्याच्या कळ्यांचा घसघशीत हार. माझी बायको लुसी दुसऱ्या रांगेत बसली होती. ती मला घरातही 'सर' म्हणते. आदराने नव्हे.

मी भाषण केलं. दात्यांचे आभार मानले, मग म्हणालो की शाळा सर्व काही द्यायला तयार आहे, पण मुलांनी हात तर पुढं केला पाहिजे. "ही मुलं अंथरुणातून उठत नाहीत," मी म्हणालो, "पालकांना फिकीर नाही." आणि उदाहरण हवं म्हणून नाव घेतलं. "सातवीची जयवंती. एक दिवस वर्गाला आली नाही. एक दिवस!"

रेमेत मावशींनी गळ्यातला हार काढून हातात घेतला होता. एक कळी दोन बोटांत धरून त्या बघत होत्या. माइकसमोर यायचीही तसदी न घेता त्यांनी विचारलं, "इनास, ही आजची कळी आहे. तोडली कुणी?"

"पेद्रूच्या वाडीतली आहे, मावशी," मी अभिमानाने सांगितलं. "घरची."

"वाडी पेद्रूची, कळलं. हात कुणाचे?"

मी पेद्रूकडे पाहिलं. पेद्रू छताकडे पाहू लागला. आणि दुसऱ्या रांगेतून माझ्या बायकोचा आवाज आला, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

"चांगुणाचे. आणि तिच्या जयवंतीचे."

सभागृहात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मावशींनी हार टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे पोर उठते. आपल्या आधी उठते." मग त्या खाली बसल्या. फीत तशीच राहिली. ती कात्री पुढं शिवणाच्या वर्गाला दिली.

घरी आल्यावर मी लुसीला विचारलं, "तुला माहीत होतं तर आधी सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, सर? तुम्ही तर मला तीन आठवडे सांगत होतात."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एक जुनी गोष्ट डोक्यात फिरत होती, ती इथे सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीला मी उशिरा येणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं करायचो. त्यांतल्या काहींच्या अंगाला फुलांचा वास यायचा. मला वाटायचं, पोरं अत्तर लावून शाळेत येतात. त्या नटवेपणाबद्दल मी त्यांना आणखी एक तास उभं करायचो. ती मुलं आता चाळिशीची असतील. त्यांतली काही वाटेत भेटतात, 'सर, बरे आहात ना?' विचारतात. एवढ्या वर्षांत एकानेही मला ते ऐकवलं नाही, याबद्दल त्यांचे उपकार कसे मानावेत ते मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून उठलो आणि बॅटरी घेऊन वाडीत गेलो. आमच्या चर्चमधल्या सकाळच्या मिस्साची घंटा व्हायची होती. कागड्याच्या ताटव्यांमध्ये पाच-सात बायका आणि चार मुलं वाकलेली होती. चारही माझ्या यादीतली. कमरेला ओटीसारखं फडकं बांधलेलं, दोन्ही हात एकाच वेळी चालू. कळी देठासकट खुडायची, पण फांदीला धक्का लागू द्यायचा नाही, नाहीतर उद्याची कळी गळते. जयवंतीच्या पाठीवर तिचा धाकटा भाऊ झोळीत झोपला होता.

मला पाहून ती ताठ उभी राहिली. वर्गात मी शिरलो की राहायची तशी.

चांगुणा पुढं आली. "सर, ती नाय आली हां शालंत. तुमी लिवलंत ना कागदावर. येऊ नको म्हनून. मंग नाय धाडली."

"तो कागद वाचून दाखवला कोणी?"

"पेद्रूशेटनी."

पेद्रू विहिरीपाशी टोपल्यांना केळीची पानं लावत होता. तिथूनच ओरडला, "मला काय माहीत ती नुसती धमकी आहे? कागदावर शिक्का होता तुझा."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा, अगदी खरोखर, विद्यार्थ्याच्या आईला एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिलो. "चांगुणाबाई, वर्ग कधी ठेवला तर जयवंतीला जमेल?"

हा माणूस खुळा आहे की काय, असं तिने माझ्याकडे पाहिलं. "फुलां तं आठाला जातात गाडीला. मंग आमी मोकलेच की. नवाला घ्या. शाला तुमची अकराला."

नऊ! दोन तास मोकळे. शाळेच्या तोंडावर. बत्तीस वर्षं ते दोन तास रोज माझ्यासमोरून जात होते.

"पन ह्याला कोन बघनार?" तिने झोळीतल्या पोराकडे बोट दाखवलं. "मी दुसऱ्या वाडीत पान्याला जाते. जयूच सांभालते अकरापोत. मंग म्हातारी येते."

"म्हणून उशीर होतो?"

"म्हातारी हलूहलू चालते ना."

दहा मिनिटांचं कोडं असं सुटलं. सातवीच्या मुलीची रोजची दहा मिनिटं म्हणजे एका म्हातारीची चाल होती.

मी जयवंतीला विचारलं, "आणि तुला काय हवं? केळी-दूध देतो आम्ही."

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. मग म्हणाली, "केली नको सर. केली तं वाडीत पन भेटतात. भात असंल तं..."

केळीच्या गावात गरिबाच्या पोराला मी केळं देत होतो. समुद्रावर जाऊन मिठाचं वाटप करावं तसं.

त्या सोमवारपासून वर्ग नऊला भरू लागला. चांगुणाच्या आईला, म्हणजे जयवंतीच्या आजीला, आम्ही शाळेच्या ओसरीवर बसवलं. तिने पाड्यावरची पाच-सहा लहान पोरं सांभाळायची, त्याचा मोबदला मावशींच्या पैशांतून द्यायचा. मला धाकधूक होती. शिक्षणाच्या पैशात म्हातारी बसते का? हे कोणत्या सदरात दाखवू? मावशींना विचारायला गेलो. त्या परसात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"म्हातारी आली की पोरगी वर्गात बसते ना?" त्यांनी विचारलं.

"बसते."

"मग ते शिक्षणच. जा, मला कोंबड्या मोजू दे."

केळ्यांच्या जागी ऊनऊन भात, वरण आणि सुक्या जवळ्याची चटणी आली. पहिल्याच दिवशी चौदांतली तेरा मुलं आली. मग यादीत नसलेली येऊ लागली, चटणीच्या वासाने.

पण जयवंती पहिल्या दिवशी आली नाही. मी धास्तावलो. प्रणाली टीचर आणि मी पाड्यावर गेलो. चांगुणा चुलीपुढं होती. म्हणाली, "तुमी तोंडान सांगितलंत, पन कागूद तं तोच हाय घरात. शिक्क्याचा. उद्या कोन दुसरा सर आला तं?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. हुकूम कागदावर आला होता, तर तो कागदावरच मागं घ्यायला हवा. मी वही काढली. तिच्या अंगणात, उलट्या ठेवलेल्या उखळावर बसून लिहिलं, 'जयवंतीने रोज शाळेत यावे. मागील चिठ्ठी चुकीची होती. चूक मुख्याध्यापकांची आहे.' प्रणाली टीचर मागून वाकून बघत होत्या. "सर, 'चूक'चा ऊकार वगैरे सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "फक्त शिक्का राहिला." मी शाळेत परत गेलो, शिक्का घेऊन आलो. चांगुणाने तो कागद जयवंतीच्या हातात दिला. "वाच."

जयवंतीने वाचलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, थांबत थांबत. 'मुख्याध्यापकांची' या शब्दापाशी ती तीन वेळा अडखळली, तीन वेळा परत मागं गेली. अंगणात पाड्यावरची दहा-बारा माणसं जमली होती. माझी चूक इतक्या सावकाश आणि इतक्या लोकांसमोर त्याआधी कुणी वाचली नव्हती. पण त्या अंगणात बसून मला जे वाटलं त्याला कृतज्ञता हाच शब्द आहे. ती वाचत होती.

पुढचं श्रेय सगळं प्रणाली टीचरांचं. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांकडून त्यांचंच काम शिकून घेतलं. फुलं शेकड्यावर मोजतात. शंभराची एक पुडी, दहा पुड्यांचा हजार. एकक-दशक-शतक ज्यांना फळ्यावर कधी समजलं नव्हतं ती मुलं चिंचोक्यांच्या पुड्या बांधून हजारांची वजाबाकी करू लागली. मग रोज फुलांवर एक ओळ लिहायची, दुसऱ्याने ती वाचायची. "सर, ही मुलं स्लो नाहीत," त्या एकदा म्हणाल्या. "फक्त थकलेली होती, यार." मुख्याध्यापकाला 'यार' म्हटल्याचं लक्षात येऊन त्या लाल झाल्या. मी तो शब्द बढती समजून ठेवून घेतला.

एक गोष्ट मात्र सोपी नव्हती. लहान मुलांनी शाळेच्या दिवसांत फुलं तोडू नयेत, हे मी पेद्रूला सांगायला गेलो. पेद्रू चिडला नाही. म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण तुझी बी.एड.ची फी भरताना तू कधी विचारलं नव्हतंस." हे खरं होतं. मुलगी तोडणीला नसली तर चांगुणाचंच नुकसान, हेही खरं होतं. आजीच्या मोबदल्याने थोडं भागलं, पेद्रूने पाड्यावरच्या आणखी दोन बायका लावल्या, आणि हळूहळू मुलं ताटव्यांतून कमी झाली. पूर्ण थांबायला वर्ष गेलं. हे मी फुशारकीने सांगत नाही. जे तीस वर्षांपूर्वी करायचं ते निवृत्तीच्या तोंडावर केलं.

जयवंती यंदा दहावीत आहे. आता वर्गात झोपत नाही, उलट प्रणाली टीचर सांगतात की फार प्रश्न विचारते. रेमेत मावशींचे पैसे संपले, तेव्हा त्यांनी आणखी दिले. मी त्यांना विचारलं, पहिल्या वेळी माझ्याकडून इतका घोळ होऊनही कसा विश्वास ठेवलात? म्हणाल्या, "पेशंटने पहिलं औषध ओकलं म्हणून दुसरं द्यायचं नाही का?" पेशंट कोण, ते मी विचारलं नाही.

पण मला शेवटी सांगायचंय ते त्याच वर्षीच्या एप्रिलचं. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. वार्षिक परीक्षा सकाळी साडेसातला, आणि मोगरा ऐन बहरात. म्हणजे पुन्हा तीच वेळ. चांगुणाला ताप भरलेला, तिच्या वाट्याची मोगऱ्याची ओळ जयवंतीने तोडायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी जयवंती माझ्या दारात येऊन उभी राहिली. "सर, माना पेपराला नाय जमनार. आयची ओल ऱ्हाईल." तिच्या आवाजात रडू नव्हतं. नुसती माहिती देत होती. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच स्वतः सांगायला आली होती, चिठ्ठीची वाट न बघता. मला वाटलं, हिचा हा पेपर बुडाला तर ही आपणच शाळा सोडेल, पुढची चिठ्ठी कुणी लिहायचीच गरज नाही.

"पेपराला जा," मी म्हटलं. "ओळ मी तोडतो."

आतून लुसी म्हणाली, "सर तोडणार? अरे देवा. मी येते सोबत."

परीक्षेचे सहा दिवस मी आणि लुसी पहाटे मोगऱ्यात होतो. प्रणाली टीचरांना शाळा बघायला सांगितली, तर म्हणाल्या, "सर, डोंट वरी. तुम्ही नसलात की एक्झाम स्मूथ होते." लुसी भराभर तोडायची, माहेरी तिने केलेलं होतं. मी दर दहा मिनिटांनी कंबर धरायचो. मोगऱ्याच्या झुडपाला कंबर धरणाऱ्या माणसाबद्दल दया नसते. पांढरी, घट्ट, टोकाला जराशी फुगलेली कळी तेवढी घ्यायची. कोवळी घेतली तर वाया, उमललेली घेतली तरी वाया. अंधारात मला तिन्ही सारख्याच दिसायच्या.

शेवटच्या पेपरच्या दिवशी माझी टोपली काठोकाठ भरली. मला इतका आनंद झाला होता की ती मी दोन्ही हातांत घेऊन फाटकाशी उभा राहिलो. कुणीतरी बघावी म्हणून. जयवंती धुतलेल्या गणवेशात, हातात पॅड घेऊन शाळेकडे निघाली होती. थांबली. टोपलीत हात घातला, वरच्या कळ्या बाजूला सारल्या, खालच्या उलथ्यापालथ्या करून पाहिल्या. मी परीक्षकासमोर उभं राहावं तसा उभा.

"सर, निम्म्या उमललेल्या हायत," ती म्हणाली. "तुमाला जादा वर्ग लागंल." मग दोन पावलं गेली आणि वळली. "पन सकालचा नका ठेवू. तुमी उठत नाय."